तीन-दोन-तीन-दोन

पावणेतीन मिनिटांच्या त्या रेकॉर्डवर, दोन मिनिटं भरायच्या जरासं आधी, एक गोष्ट घडते. गिटारचा सोलो उतरणीला लागलेला असतो. गायक तिसरं कडवं उचलतो, शब्द-दोन शब्द उच्चारतो आणि एकदम गप्प होतो. तो आधीच आलेला आहे, बाकीचे अजून सोलोच्या शेवटच्या फेरीत आहेत. ड्रमरच्या ते लक्षात येतं, तो एक जोरकस तुकडा वाजवून पोकळी भरून काढतो आणि गायक तेच शब्द पुन्हा, या वेळी जागेवर, घेतो. द किंग्समेन या बँडचं ‘लुई लुई’. ध्वनिमुद्रण ६ एप्रिल १९६३, गाव पोर्टलंड, राज्य ओरेगन. पहिलाच टेक होता आणि तोच ठेवला. दुसरा टेक घ्यायला तीन मिनिटं लागली असती. तो कुणी घेतला नाही, आणि ही उघडीवाघडी चूक घेऊन ते गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत दुसऱ्या क्रमांकावर सहा आठवडे बसलं. पुढे कित्येक बँडनी हे गाणं वाजवताना ती चूकसुद्धा हौसेनं, मोजूनमापून वाजवली. गायक तिथे आधी येणार, थांबणार, ड्रमर सावरणार. चुकीची तालीम करावी लागते असं दुसरं गाणं मला माहीत नाही.

ही चूक कानाला का खुपत नाही, हा प्रश्न मात्र सुटत नाही. त्याचं उत्तर शोधायचं तर आधी त्या खोलीत जावं लागतं.

स्टुडिओचा खर्च ५० डॉलरच्या आसपास. म्हणजे आत जायचं, वाजवायचं, बाहेर पडायचं. बँडमधली सगळी पोरं विशीच्या अलीकडे-पलीकडे, पियानोवरचा डॉन गॅलुची तर शाळकरी. जॅक इली गायक आणि ऱ्हिदम गिटार, माइक मिचेल लीड गिटार, बॉब नॉर्डबी बेस, लिन ईस्टन ड्रम. सगळे एकाच खोलीत गोल करून उभे आणि गायकाचा माइक छताकडून खाली सोडलेला, डोक्याच्या वर. इलीला मान मागे टाकून वर तोंड करून ओरडावं लागलं. मान मागे गेली की घसा ताणला जातो, जीभ मागे ओढली जाते, आवाज फाटतो. त्यात त्याच्या दातांना तारा लावलेल्या होत्या, म्हणजे ‘स’, ‘त’, ‘थ’ सगळे घोळलेले. आणि मूळ दुखणं अंतराचं. माइक आणि तोंड यांतलं अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं पडतो, पण खोलीभर दणाणणारे ड्रम आणि झांजा तेवढ्याच्या तेवढ्या राहतात. त्यांच्या खळखळाटात पहिल्यांदा बुडतात ती व्यंजनं, कारण त्यांच्यात मुळात जोर कमी. स्वर तरंगत राहतात. म्हणून त्या रेकॉर्डवर ‘आ’, ‘ओ’, ‘ई’ ऐकू येतात, माणूस काहीतरी जिवाच्या आकांतानं सांगतोय हे कळतं, आणि काय सांगतोय ते कळत नाही.

अर्धं यश इथेच आहे असं मला वाटतं. त्याच आठवड्यात, त्याच स्टुडिओत, पॉल रिव्हिअर अँड द रेडर्स या बँडनंही हेच गाणं रेकॉर्ड केलं. ते वाजवण्यात सरस होते, त्यांच्याकडे सॅक्सोफोन होता, आणि त्यांची रेकॉर्ड सुरुवातीला त्या भागात जास्त चालली. पण ऑक्टोबरमध्ये बॉस्टनच्या आर्नी गिन्सबर्ग या रेडिओ निवेदकानं किंग्समेनची रेकॉर्ड ‘आठवड्यातली सर्वांत वाईट रेकॉर्ड’ म्हणून वाजवली आणि ती कुठे मिळेल हे विचारणारे फोन सुरू झाले. दोन्ही लागोपाठ ऐकाव्यात. रेडर्स ‘आम्ही वाजवतो, तुम्ही नाचा’ म्हणतात. किंग्समेनच्या रेकॉर्डमध्ये दारच उघडं आहे, कुणीही आत यावं, हातात काय असेल ते बडवावं. गायक चुकतो तेव्हा ते दार आणखी थोडं उघडतं. चूक खुपत नाही ती त्यामुळे.

न कळणारे शब्द मग लोकांनी आपापल्या मनानं भरले. शाळा-कॉलेजांत चिठ्ठ्या फिरू लागल्या, त्यांवर ‘खरे’ शब्द लिहिलेले, अर्थातच अश्लील. १९६४च्या सुरुवातीला इंडियानाचे गव्हर्नर मॅथ्यू वेल्श यांनी हे गाणं राज्यातल्या रेडिओवर वाजू नये असं सुचवलं. एका पालकानं थेट ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांना पत्र लिहिलं. एफबीआय कामाला लागली आणि दोन वर्षांहून जास्त काळ लागून राहिली. त्यांनी ती मिनिटाला ४५ फेऱ्यांची रेकॉर्ड कमी-जास्त वेगात वाजवून पाहिली. ४५ची तबकडी ३३⅓वर लावली की सूर पाचेक अर्धस्वरांनी खाली येतो आणि सगळं रेंगाळतं. ७८वर लावली की साडेनऊ अर्धस्वर वर जाऊन गायकाची चिमणी होते. दोन्हीनं उपयोग शून्य, कारण जी व्यंजनं माइकपर्यंत पोचलीच नाहीत ती वेग बदलून कुठून येणार? उलट हळू वाजवलं की स्वर लांबतात आणि ऐकणाऱ्याच्या मनातला शब्द त्यात आणखी सैलपणे बसतो. ज्याच्या हातात अश्लील चिठ्ठी आहे त्याला तेच शब्द ऐकू येतात. शेवटी प्रयोगशाळेनं लिहून दिलं की कोणत्याही वेगात काही समजत नाही. गंमत म्हणजे पहिलं मिनिट भरायच्या सुमाराला, मागे कुठेतरी, ड्रमरच्या तोंडून खरोखरच एक शिवी निसटली आहे असं बारकाईनं ऐकणारे सांगतात. तिच्याकडे तपासणाऱ्यांचं लक्ष गेलं नाही. आणि ज्यानं ते शब्द गायले त्या इलीला बोलावून विचारलंही नाही.

शब्द तर सहा-सात वर्षांपूर्वीच छापून, गाऊन, विकून झालेले होते.

ते लिहिले रिचर्ड बेरी यानं. जन्म ११ एप्रिल १९३५, लुइझियानात, वाढला लॉस एंजेलिसमध्ये. खर्जाचा आवाज असा की द रॉबिन्सच्या १९५४च्या ‘रायट इन सेल ब्लॉक नंबर नाइन’मधला तो धमकावणारा भारी आवाज त्याचाच, पण रेकॉर्डवर नाव नाही. एटा जेम्सच्या ‘द वॉलफ्लॉवर’मध्ये तिला उत्तर देणारा हेन्रीही तोच. दुसऱ्यांच्या गाण्यांत आवाज देऊन बाजूला होणारा माणूस. १९५५च्या सुमाराला तो अनाहाइमच्या हार्मनी पार्क बॉलरूममध्ये द ऱ्हिदम रॉकर्स या बँडबरोबर गात असे. त्या बँडच्या कार्यक्रमात क्यूबन पियानोवादक रेने तूझे याचं ‘एल लोको चा चा’ असायचं. त्याच्या सुरुवातीला पियानो आणि बेस मिळून एक तुकडा घोळवत राहतात, दहा ठोक्यांचा: तीन-दोन-तीन-दोन. बेरीला त्या तुकड्यानं धरलं. आपली पाळी यायच्या आधी, मंचामागे, हाताला लागलेल्या टॉयलेट पेपरवर त्यानं शब्द उतरवले असं तो सांगत असे. दारूच्या गुत्त्यावर बसलेला जमैकाचा खलाशी लुई नावाच्या गुत्तेवाल्याला सांगतो आहे, मला आता निघायला हवं. तिकडे एक मुलगी वाट पाहते आहे. तीन दिवस तीन रात्री समुद्रावर जातील. बोटीवर तिच्या केसांतल्या गुलाबाचा वास येतो. जमैकाचा चंद्र दिसेल, तिला जवळ घेईन, मग कधी सोडून जाणार नाही. एवढंच. गुत्तेवाल्याशी मन मोकळं करण्याची रीत ‘वन फॉर माय बेबी’वरून आणि बेटावरच्या माणसाची मोडकी इंग्रजी चक बेरीच्या ‘हवाना मून’वरून आली, हेही त्यानं लपवलं नाही.

एप्रिल १९५७ला फ्लिप या छोट्या कंपनीनं बेरी आणि द फेरोज यांची रेकॉर्ड काढली, ‘यू आर माय सनशाइन’च्या पाठीवर. ती आज ऐकली की आश्चर्य वाटतं ते तिच्या सौम्यपणाचं. तूझेचा पियानोचा तुकडा इथे माणसांच्या आवाजात आहे, खर्जातला गायक ‘डू-डू-डू, डू-डू’ करत राहतो आणि वर बेरी अगदी सावकाश, शब्द न् शब्द लागेल असा गातो. आरडाओरडा नाही. घरी जायची ओढ आहे आणि उठवत नाही, अशा माणसाचा आवाज. एफबीआयच्या लोकांनी ही तबकडी नीट कान देऊन ऐकली असती तर फाइल दुपारपर्यंत बंद झाली असती.

लॉस एंजेलिसमधलं हे गाणं दीड हजार किलोमीटर उत्तरेला वॉशिंग्टन राज्यात गेलं. टाकोमाच्या द वेलर्स बँडबरोबर गाणाऱ्या रॉकिन रॉबिन रॉबर्ट्सनं १९६१मध्ये त्याला जाड गिटारी आणि सोलोच्या आधीची ती आरोळी दिली, ‘लेट्स गिव्ह इट टू देम, राइट नाऊ!’. किंग्समेननी ती तशीच उचलली. इलीनं हे गाणं ओरेगनच्या किनाऱ्यावर सीसाइड गावातल्या क्लबात ज्यूकबॉक्सवर ऐकलं. पोरं पुन्हा पुन्हा नाणी टाकून तेच लावत होती आणि नाचत होती. त्यानं ते डोक्यात घेतलं आणि बँडला शिकवलं, पण आठवणीतून. वेलर्सच्या रेकॉर्डवरची चाल चार-दोन-चार-दोन अशी पडते, इलीनं शिकवली ती तीन-दोन-तीन-दोन. विसरला म्हणा. पण विसरून तो पोचला कुठे? तूझेच्या पियानोवर. वाटेत बदललेला तो दहा ठोक्यांचा हिशेब एका पोर्टलंडच्या पोराच्या विसराळूपणामुळे पुन्हा मूळ जागी येऊन बसला. संगीताच्या इतिहासात मला इतकं सुख देणारी दुसरी गोष्ट क्वचितच सापडली असेल.

गिटार हातात असेल तर हे बोटांना लगेच कळतं. सूर ए. चार मात्रांचा एक बार, दोन बारांची एक फेरी, म्हणजे आठ मात्रा. पहिल्या बारात ए कॉर्डचे तीन ठोके, डीचे दोन. दुसऱ्या बारात ई-मायनरचे तीन, पुन्हा डीचे दोन. बस्स. कडवं तेच, ध्रुवपद तेच, सोलोखाली तेच, शेवटपर्यंत तेच. मधे वेगळा भाग नाही, सूर बदलत नाही. नवशिक्यांचं पहिलं गाणं म्हणून सांगतात ते याचमुळे, आणि नवशिके पहिल्याच फेरीत अडखळतात तेही ठरलेल्या जागी. ए, डीनंतर हात आपोआप ई-मेजरकडे जातो, कारण बाकीच्या हजार गाण्यांनी तीच सवय लावलेली असते. ई-मेजर लावला की पहिलं बोट तिसऱ्या तारेच्या पहिल्या पट्टीवर असतं. ते बोट उचलायचं. जी-शार्पचा साधा जी होतो, आणि एकदम गाण्याचा चेहरा बदलतो. बोट तसंच ठेवलं तर हे गाणं ‘ला बांबा’च्या अंगणात जातं, उजळ, सणासुदीचं. बोट उचललं की त्यात थोडी काजळी येते. १९६६च्या द ट्रॉग्जच्या ‘वाइल्ड थिंग’मध्ये हेच चार टप्पे आहेत, ए-डी-ई-डी, फक्त बोट खाली ठेवलेलं.

दुसरी चूक शेवटच्या डीची. ई-मायनरवरून सरळ एवर उडी मारायचा मोह होतो. तसं केलं की फेरी आठ पायऱ्यांचा जिना आठवी पायरी गाळून उतरल्यासारखी होते, धसका बसतो. डीवर परत यायलाच हवं, हेलकावा त्या परतीत आहे. तिसरी चूक ठोक्यांमधल्या जागांची. तीन आणि दोनच्या मधे जी क्षणभराची फट आहे ती उजव्या हाताची तळहाताकडची कड तारांवर टेकवून कोरडी करावी लागते. तिथे तारा गुंजत राहिल्या की दहा ठोक्यांचा लगदा होतो. बेस वाजवणाऱ्यानं नक्षीकाम करू नये, ठोक्याला ठोका लावावा. आणि ड्रमरनं वेग वाढू देऊ नये. मिनिटाला १२० मात्रांच्या आसपास सुरू झालेलं गाणं सोलोपर्यंत १४०वर गेलेलं असतं, उत्साही बँडचं हमखास होतं. मग तिसऱ्या कडव्याचे शब्द तोंडात मावत नाहीत.

कव्हरं, म्हणजे इतरांनी केलेल्या आवृत्त्या, मोजायच्या भानगडीत पडू नये. कॅलिफोर्नियातल्या केएफजेसी या कॉलेज रेडिओनं ऑगस्ट १९८३मध्ये ६३ तास फक्त ‘लुई लुई’ वाजवलं, ८००हून अधिक वेगवेगळ्या आवृत्त्या. बेरी आणि इली दोघेही तिथे येऊन गायले. त्या ढिगातल्या बहुतेक आवृत्त्या गोंगाटाच्या नकला आहेत आणि मला त्यांचं फारसं काही वाटत नाही. बीच बॉइज, किंक्स, ओटिस रेडिंग, तिघांनीही १९६४मध्ये हे गाणं केलं. ओटिसचं सोडलं तर बाकी दोन हजेरी लावल्यासारखी. मोटरहेडचं १९७८चं ऐकावं, कारण त्यांचा गायक लेमी याचा खरखरीत आवाज असूनही शब्द किंग्समेनपेक्षा बरेच स्पष्ट लागतात. इगी पॉपनं फेब्रुवारी १९७४मध्ये डेट्रॉइटच्या मंचावर, त्याच्या द स्टूजेस या बँडच्या मोडकळीला आलेल्या दिवसांत, समोरून वस्तू फेकल्या जात असताना, या गाण्यात खरोखरच अश्लील शब्द घातले. दहा वर्षांपूर्वी सरकारनं जे शोधलं आणि सापडलं नाही ते त्यानं भरून दिलं. त्याच स्टूजेसचा १९७०चा ‘फन हाउस’ अल्बम कुणी घडवला होता? डॉन गॅलुची. किंग्समेनचा तो शाळकरी पियानोवाला.

ज्युली लंडनचं १९६९चं आणखीच वेगळं. तिनं वेग काढून टाकला, ठोके काढून टाकले, आणि कानाशी बोलावं तसं गायलं. गायिका स्त्री असल्यामुळे खलाशाची गोष्ट तिरकी होते, पण शब्द पहिल्यांदा मखमलीत ठेवल्यासारखे समोर येतात. अनेकांना ते विनोदी वाटतं. मला वाटत नाही. बेरीच्या गाण्यात जो रेंगाळलेला जीव होता तो तिला सापडला आहे.

आणि टूट्स अँड द मेटल्स. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या ‘फंकी किंग्स्टन’मध्ये हे गाणं आलं, पाच मिनिटांहून लांब. जमैकाला कधी पोचेल याची वाट पाहणाऱ्या माणसाचं गाणं, क्यूबन तुकड्यावर लॉस एंजेलिसमध्ये लिहिलेलं, आणि आता जमैकाचीच माणसं ते गात आहेत. रेगेची गिटार मात्रांच्या मधल्या जागेवर पडते, त्यामुळे ज्या फटी कोरड्या ठेवायला सांगितल्या त्याच इथे वाजतात आणि जिथे ठोके होते तिथे श्वास आहे. दहा ठोक्यांचा तुकडा आत-बाहेर उलटला आहे, तरी ओळखू येतो. टूट्स हिबर्ट शब्द बेरीसारखे गात नाही, काही गाळतो, काही मोडतो, एखादा आपलाच घालतो. त्याच्या तोंडी ते चालतं. त्या गाण्यात एक माणूस घरी पोचल्यासारखा मोकळा ओरडतो, आणि ‘लुई लुई’ची सगळ्यांत मोठी आवृत्ती कोणती असं विचारलं तर मी हीच म्हणेन, किंग्समेनच्याही वर.

पैशाचा हिशेब मात्र सुखाचा नाही. बेरीनं १९५०च्या दशकाच्या अखेरीला, लग्नाच्या खर्चासाठी, या गाण्याचे प्रकाशनहक्क इतर काही गाण्यांसह ७५० डॉलरला विकले. चार वर्षांत ते जगभर गेलं. तो लॉस एंजेलिसच्या क्लबांत गात राहिला, पुढे सरकारी मदतीवर दिवस काढले. १९८०च्या दशकात एका वाइन-पेयाच्या जाहिरातीसाठी गाणं हवं होतं, त्यासाठी बेरीची सही लागत होती, म्हणून त्याला शोधत माणसं आली, वकील आले, आणि शेवटी हक्कांचा मोठा वाटा आणि पैसा त्याच्याकडे परत आला. जानेवारी १९९७मध्ये तो गेला. इलीचं दुःख निराळं. रेकॉर्ड गाजायच्या आधीच, ऑगस्ट १९६३मध्ये, ईस्टननं बँडचं नाव आपल्या घरच्यांनी नोंदवलं असल्याचं सांगून स्वतः गायक व्हायचं ठरवलं. इली बाहेर पडला. नंतर दूरचित्रवाणीवर ईस्टन ओठ हलवत होता आणि आवाज इलीचा वाजत होता. कोर्टात तडजोड झाली, पुढच्या छपाईत लेबलवर ‘मुख्य आवाज: जॅक इली’ असं आलं. २०१५च्या एप्रिलमध्ये तोही गेला.

हे गाणं आजही कुठल्या ना कुठल्या कॉलेजात, लग्नात, गॅरेजात वाजत असतं, आणि वाजवणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. पहिली दोन कडवी हवी तशी बडवा. सोलोआधी आरोळी ठोका. हौस असेल तर इलीची चूकही करा, पण ती करून झाल्यावर ड्रमरनं झांजेवरून हात काढून हाय-हॅटवर, म्हणजे पायानं मिटायच्या झांजांच्या जोडीवर, न्यावा, गिटारवाल्यांनी आवाजाची कळ थोडी मागे घ्यावी, आणि गायकानं तोंड माइकपासून चार बोटांवर ठेवून तिसरं कडवं नीट म्हणावं. चार ओळी आहेत. खलाशाला त्यात चंद्र दिसतो. ध्रुवपद आलं की पुन्हा सगळे आवाज वर.